गंजासमोरची चाळीस पावले

मेहेरबान बांधकाम खात्याचे मुख्य अंमलदार साहेब यांच्या सेवेशी.

अर्जदार: खाली सही करणार. धंदा अर्जनवीस, वय पंचेचाळिसाच्या पुढे, राहणार धाराशिव, बैठक अदालतीसमोरच्या लिंबाखाली.

ज्याच्याविषयी अर्ज आहे तो इसम: सिद्राम मिस्त्री, सडकेचा कारागीर, मूळ राहणार लोहाऱ्याच्या पलीकडचे एक खेडे, हल्ली मयत.

जागा: अदालतीपासून धान्याच्या गंजापर्यंतची, म्हणजे आडतबाजारापर्यंतची, डांबरी सडक. त्यातही विशेषेकरून गंजाच्या दरवाजासमोरची चाळीस पावले.

काळ: मागील राजवटीचा. सडक झाली ती त्या राजवटीच्या अर्दिबिहिश्त महिन्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि तिची खरी परीक्षा झाली ती तीर महिन्यात, म्हणजे ज्याला आपण वैशाखाचे ऊन म्हणतो त्यात. साल मुद्दाम लिहीत नाही. ते सरकारी दप्तरात आहे, आणि माझ्या स्मरणापेक्षा दप्तर ग्राह्य धरले जाते हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे.

साक्षीदार: पहिला, गणपत गाडीवान, डाव्या पायाने अधू. दुसरा, मी स्वतः, जो त्या वेळी बोलला नाही.

शिरस्त्याप्रमाणे येथून तक्रार सुरू व्हावयास पाहिजे. परंतु सिद्राम मिस्त्री कसा होता हे समजल्याशिवाय तक्रार समजणार नाही, म्हणून आधी त्याची हकीकत लिहितो. माझे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत झालेले आहे. तरीही माझ्या हातचा अर्ज वाचला गेला की कचेरीत "हे कुणी लिहिलंय?" अशी विचारणा होत असे, एवढे नम्रपणे नमूद करतो. पुढील मजकुरात हीच गोष्ट माझ्याविरुद्ध जाणार आहे.

सिद्राम मिस्त्री उंच, वाळका, किंचित पुढे वाकलेला होता. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. दुपारपर्यंत घामाने विभूती पुसली जाई आणि तिच्या जागी डांबराचा ठिपका येई. तो अनवाणी चाले. डांबर तापलेले असताना तर मुद्दाम अनवाणी चाले, सावकाश, टाच आधी टेकवून. मध्येच थांबे, दोन पावले मागे येई आणि कोळशाने खूण करी. "हितं खाली ओल हाय," म्हणे. मजूर हसत. दुसऱ्या दिवशी तेथे खणले की खाली खरोखर ओली माती निघे. "सडक वरनं मोडत न्हाय," हे त्याचे नेहमीचे वाक्य. "खालनं मोडती. वर नुस्तं दिसतंय."

त्याची दुसरी सवय अशी की, काम उरकल्यावर तो सडकेवर आडवा होऊन गाल जमिनीला टेकवी आणि एक डोळा मिटून लांबवर पाही. अदालतीत येणारे पक्षकार प्रथमच हे पाहत तेव्हा त्यांना वाटे, माणूस चक्कर येऊन पडला. एकदा एका म्हातारीने त्याच्या तोंडावर पाणी मारले. तो उठला, तोंड पुसले नाही, ओघळणारे पाणी सडकेवर कोणीकडे जाते ते पाहत राहिला आणि म्हणाला, "लई बेस केलंस, आवा. हितं उतार कमी पडलाय."

खडीच्या बाबतीत तो कोणाचे ऐकत नसे. गुत्तेदाराने, म्हणजे कामाच्या ठेकेदाराने, एकदा ओढ्यातली गोल, गुळगुळीत खडी गाड्या भरून आणली. त्या गाड्यांपैकी एक गणपत गाडीवानाची होती. मिस्त्रीने गणपाच्या एका हातात गोल खडे दिले, दुसऱ्या हातात खाणीतले कोनदार, आणि म्हणाला, "आवळ." गोल खडे बोटांतून निसटले, कोनदार एकमेकांत अडकून बसले.

"बघितलंस? गोल एकमेकीवर सरकती. कोनाची एकमेकीला धरती. चाकाखाली सरकाया लागली की चाकोरी पडली."

गणपा म्हणाला, "मिस्त्री, ह्याच्यापरीस भाकर द्या हातात. तीबी घट धरतो म्या."

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, पण गाड्या भरलेल्या तशाच परत पाठवल्या. गुत्तेदार त्याला काय काय बोलला ते येथे लिहिण्याजोगे नाही.

डांबर ओतताना मात्र तो हसत नसे. पिपाजवळ उभा राहून मजुराच्या हाताकडे टक लावून पाही आणि ठरावीक क्षणी म्हणे, "साक." कानडीत साक म्हणजे पुरे. आवाज चढवीत नसे. मजुरांना तो शब्द इतका अंगवळणी पडला होता की ते जेवतानाही वाढणाऱ्याला साक म्हणू लागले होते. "डांबर लोणच्यातल्या तेलावानी पायजे," असे त्याने मला एकदा समजावले. "फोडीला लागलं पायजे, फोड बुडली न्हाय पायजे. बुडली की उन्हात पातळ हुतंय, अन् चाक आत जातंय." मग वाफेचा रूळ फिरवायचा, तोही कडेकडून मध्याकडे. आणि सडक पुरती गार होईपर्यंत तिच्यावर कुत्रेसुद्धा येऊ द्यायचे नाही. दोन दिवस तो काठी घेऊन कुत्री हाकलीत बसला होता. मी हे माझ्या बैठकीवरून पाहिलेले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सडक गंजाच्या दरवाजापर्यंत आली तेव्हा वार्ता आली की वरचे मोठे साहेब पाहणीस येणार आहेत. कामावरचे ओव्हरसियर साहेब घाईने आले. मी त्या वेळी तंबाखू घेण्यासाठी गंजात गेलो होतो आणि दहा हातांवर उभा होतो. झालेले संभाषण मी जसेच्या तसे लिहितो.

ओव्हरसियर म्हणाले, "मिस्त्री, ये क्या सूखी सूखी सडक है? साहेब मोटारसे यहीं उतरनेवाले. काला आईना होना मेरेकू."

"साहेब, आईन्यात तोंड बघत्यात. त्येच्यावर गाड्या न्हाय चालवत."

"जबान नक्को चला. और डाल."

मजुराने पिंप कलंडले. मिस्त्री दोनदा म्हणाला, "साक. साक." मजूर गोंधळून थांबला. ओव्हरसियर ओरडले. मजुराने पुन्हा पिंप कलंडले तेव्हा मिस्त्रीने त्याचे मनगट धरले.

"हात छोड. नहीं तो घर जा."

मिस्त्रीने मनगट सोडले. ते सुटलेले मनगट मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. चाळीस पावले सडक काळीभोर चमकू लागली. मोठे साहेब आले, उतरले, त्यांना पानसुपारी झाली, ते गेले. सडकेकडे त्यांनी पाहिले की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तीर महिना लागला. बाकीची सडक उन्हात तशीच खरखरीत राहिली. गंजासमोरची चाळीस पावले मात्र दुपारी पाझरू लागली. येडशीच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या धान्याच्या गाड्या, लोखंडी धावांची चाके, एकामागोमाग एक, एकाच रेषेवर. चार दिवसांत दोन पुसट रेघा दिसू लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी लोकांनी पाहिले की सडकेवर चुन्याने रंगवलेले धोंडे ओळीने मांडलेले आहेत, नारळाएवढे, मधूनमधून, आणि गाड्यांना त्यांना वळसा घालून जावे लागत आहे. सहाव्या दिवशी तेच धोंडे एक वीत सरकलेले होते. सातव्या दिवशी आणखी एक वीत.

गणपा गाडीवरून ओरडला, "मिस्त्री, काल धोंडा हितं हुता, आज तितं! रातचं चालत्यात का काय ही?"

"व्हय. तुझ्यापरीस अक्कल हाय त्येनला. एका जाग्याला बसत न्हाईत."

"आमच्या बैलाला रोज नवी वाट शिकवायची म्हंजे साळंत घालाया पायजे की!"

"घाल. तूबी बस संगं."

गाडी निघून गेल्यावर त्याने मला कारण सांगितले. "मुन्शीजी, माणूस एका कुशीवर निजला की अंग धरतंय. सडकंचंबी तसंच. तिला कूस बदलाया लागती. रोज एक वीत. चाकं समद्या अंगावनं गेली की दबंल, पन चाकोरी पडणार न्हाय. एवढा उन्हाळा निभला, एक पाऊस गेला की डांबर मुरतंय. मंग धोंडं उचलतो."

रोज दुपारी तो त्या चाळीस पावलांवर खडीची भरड कच पसरी आणि हाताच्या रुळाने दाबी. रेघा बुजत चालल्या होत्या. त्याला फक्त एक हंगाम हवा होता. हे येथे स्पष्ट नमूद करतो, कारण तो हंगाम त्याला मिळाला नाही, आणि न मिळण्यास मी कारण आहे.

गंजात मन्मथ शेट नावाचे एक आडते होते. त्यांची गाडी धोंड्याला अडली, दोर सुटला, तीन पोती खाली आली, बैलाचा गुडघा खरचटला. शेट तावातावाने माझ्या बैठकीवर आले. "मुन्शीजी, त्या धोंडेवाल्याविरुद्ध असा कागद लिवा, की धोंड्यालाबी घाम फुटला पायजे."

मी लिहिला. सरकारी सडकेवर हेतुपुरस्सर मांडलेला अडथळा, व्यापाराचा खोळंबा, मुक्या जनावरास इजा. तीन कलमे झाली. मला अर्ज चौथ्या कलमावर संपवण्याची सवय आहे. तीन कलमांचा अर्ज मला तीन पायांच्या खाटेसारखा दिसतो. म्हणून मी माझ्या मनाने चौथे कलम घातले: "सदरहू मिस्त्रीने मुळातच डांबर बेहिशेबी ओतल्यामुळे सडक मऊ राहिली असून, आपला दोष झाकण्यासाठीच तो धोंडे मांडीत आहे."

मी वाचून दाखवले. शेटनी विचारले, "हे शेवटचं खरं हाय का?"

मी म्हणालो, "अर्जाला वजन येतं."

"येतंय तर राहू द्या."

दहा हातांवर उभा राहून जे मी पाहिले होते, त्याच्या नेमके उलट मी लिहिले. कोणी सांगितले नव्हते, कोणाचा दबाव नव्हता. वाक्य चांगले जुळून आले, एवढेच.

धोंडे उचलण्याचा हुकूम झाला आणि मिस्त्रीला कामावरून दूर केले गेले. त्यानंतरचा एक आठवडा मला विसरता येत नाही. सडक मोकळी होती, तरीही बैल त्या चाळीस पावलांवर आले की आपोआप एका बाजूस वळत, जेथे उचलण्यापूर्वी धोंडा होता तेथे वळसा घालीत, जणू तेथे कोणी बसलेले आहे. गाडीवान त्यांना चाबूक मारून सरळ करीत. आठ-दहा दिवसांत बैल विसरले. मग सगळी चाके पुन्हा एका रेषेवर चालू लागली, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी चाकोरी चार बोटे खोल गेली.

त्याच सुमारास एका दुपारी सिद्राम मिस्त्री माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"शरणार्थ, मुन्शीजी. एक कागद लिवायचा हाय."

"कशाबद्दल?"

"तुमी लिवल्याल्या कागदाबद्दल."

मी दौतीत टाक बुडवला आणि पुन्हा काढून ठेवला.

"मला वाचाया येत न्हाय," तो म्हणाला. "पन कचेरीत कुणीतरी वाचून दावलं. डांबर म्या जास्त वतलं म्हून लिवलंय. तुमी त्या दिवशी हुता की. दहा हातावं. तंबाखू मळत हुता. म्या बघितलं तुमाला."

त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मी कितीही वेळा आठवून पाहिले तरी बदलत नाही. राग असता तर मला उत्तर देणे सोपे गेले असते. मी म्हणालो, "एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंचे अर्ज मी लिहीत नाही. धंद्याचा नियम आहे."

"नेम बरा हाय," तो विचार करून म्हणाला. "मंग साक्ष तरी द्या."

"साक्षीला बोलावणे यावे लागते."

जाताना त्याने माझ्या सतरंजीखालची जमीन पायाच्या टाचेने दाबून पाहिली. "तुमची बैठक सखल जाग्याला हाय. पावसात पानी शिरंल. एक वीत वर सरका," म्हणाला, आणि गेला. मी सरकलो नाही. त्या पावसाळ्यात पाणी शिरले.

पावसाने चाकोरी भरली, दिसेनाशी झाली. बाजाराच्या दिवशी गणपाची भरलेली गाडी तिच्यात अडकली आणि समोरून मोटार आली. मोटारवाला भोंगा वाजवीत राहिला. गाडीला बाजूस होता येईना. गणपा खाली उतरला, चाकाला खांदा लावला. चाक वर चढले, काठावरून घसरले आणि त्याच्या पायावर आले. मी लिंबाखालून तो आवाज ऐकला. गणपाचा नव्हे, बैलांचा.

चौकशी लागली. गणपाचे बयान लिहून देण्यासाठी मी तेथे हजर होतो. मिस्त्रीलाही बोलावले होते. पेशकाराने जुना अर्ज काढला आणि चौथे कलम मोठ्याने वाचले. माझ्या वाक्याची ठेवण अशी आहे की ते मोठ्याने वाचले असता अधिक खरे वाटते. अंमलदारांनी मान हलवली.

"तुझे काय म्हणणे आहे?"

मिस्त्री म्हणाला, "साहेब, ती चाळीस पावलं सोडून बाकीची सडक बघा. तीबी म्याच केलीय. तीच खडी, तोच रूळ, तेच ऊन. तितं चाकोरी हाय का बघा."

"तुझ्याकडे काही कागद आहे?"

"कागद न्हाय. सडक हाय."

अंमलदार साहेबांनी लिहून घेतले: कागद नाही. मिस्त्रीने एकदा माझ्याकडे पाहिले. बोलावणे आले नव्हते, परंतु मी खोलीतच होतो. उठून उभे राहण्याचीच काय ती जरुरी होती. मी गणपाच्या बयानाखाली तारीख घालीत राहिलो. निकालात शेरा पडला: दोष मिस्त्रीचा, यास पुन्हा सरकारी कामावर घेऊ नये.

पुढे राजवट बदलली, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, महिन्यांची नावे बदलली. एके दिवशी गणपा कुबडी टेकीत लिंबाखाली आला आणि त्याने सांगितले की मिस्त्री आपल्या गावी वारला. शेवटची वर्षे तो शेतातल्या पाणंदीवर बसून असे, गाड्यांना "जरा डावीकडनं, जरा डावीकडनं" म्हणत असे, आणि गावची माणसे त्याला खुळा समजून डावीकडून जात असत. त्या पाणंदीला चाकोरी नाही, असेही गणपाने सांगितले. मग माझ्या दौतीकडे पाहत तो म्हणाला, "मुन्शीजी, तुमचा एक कागद गेला, माझा एक पाय गेला, अन् त्यो गडी समदाच गेला."

त्याने माझ्याकडून चुन्याची डबी घेतली, तंबाखू मळला आणि डबी परत देऊन निघून गेला. तेव्हापासून भर दुपारी, अदालत उठल्यावर, रस्ता ओस पडला आणि डांबराचा उग्र वास आला की सडकेवर कोणीतरी टाच आधी टेकवून चालत असल्याचा भास मला होतो. मी मान वर करीत नाही. चालणे थांबते, दोन पावले मागे येते, आणि माझ्यासमोर बराच वेळ थांबून राहते. ही गोष्ट पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे मी जाणतो. तरी लिहिली आहे.

मिस्त्रीला मी शेवटचे पाहिले ते चौकशीच्या दिवशी. खोलीतून बाहेर पडून तो गंजाकडे निघाला. पाऊस उघडला होता. चाळीस पावलांपाशी समोरून एक परगावची गाडी आली, चाके चाकोरीत. मिस्त्री पुढे झाला, बैलाची वेसण धरली आणि काही न बोलता त्याचे तोंड हलकेच एका बाजूस वळवले. चाके धडपडत चाकोरीबाहेर आली. गाडीवान ओरडला, "अय, खुळा हायेस का? सोड!" त्याने सोडले आणि कडेला उभा राहून पाहू लागला. दहा पावले गाडी कोऱ्या जागेवरून चालली. मग आधी उजवे चाक आणि मागोमाग डावे, दोन्ही पुन्हा चाकोरीत उतरली. मिस्त्रीने हात धोतराला पुसले आणि तो येडशीच्या वाटेने चालू लागला, सडकेवरून नव्हे, तिच्या कडेच्या मातीतून.

सबब, साहेबांस विनंती येणेप्रमाणे:

मन्मथ शेट यांच्या अर्जातील चौथे कलम खोटे आहे, ते मी लिहिले आहे, आणि खोटे असल्याचे लिहिताना मला ठाऊक होते, ही माझी कबुली दप्तरी दाखल व्हावी. त्याबद्दल जी सजा होईल ती कबूल आहे.

येत्या वैशाखात, भर दुपारी, साहेबांनी स्वतः अथवा आपल्या माणसाने या सडकेवर यावे. एक सरळ बांबू प्रथम गंजासमोरच्या चाळीस पावलांवर आडवा ठेवावा, नंतर बाकीच्या सडकेवर ठेवावा, आणि दोन्हीकडे बांबूखाली काय दिसते ते लिहून घ्यावे. चाळीस पावलांची डागडुजी आजवर अनेकदा झाली. चाकोरी प्रत्येक वेळी परत आली. बाकीची सडक त्याने ठेवली तशीच आहे.

आणि सिद्राम मिस्त्री याच्या नावापुढील शेरा काढून टाकावा.

या अर्जाचे उत्तर लेखी मिळावे. नकार असला तरी तोही लेखी असावा. तोंडी उत्तर मी स्वीकारणार नाही. या सडकेविषयी तोंडी खरे सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यापाशी कागद नव्हता.

कळावे. उत्तराची वाट पाहत आहे.

सही, अर्जनवीस, अदालतीसमोर, धाराशिव.